सीट टाइट झाली नाही, बाळा

*‘बाई, सादर नमस्कार. मी हर्णै बंदराजवळच्या एका वाडीत राहतो. वय २३. खलाशाचा कोर्स केला, सीडीसी म्हणजे जहाजावर चढायला लागणारं खलाशाचं सरकारी पुस्तक, ती काढली आणि मुंबईतल्या एका एजंटाकडे कागद दिले. जुलैच्या शेवटी त्यांचा मेल आला. त्यात एकच ओळ: “सिट टाइट, वुई विल रिव्हर्ट.” बाबांनी ‘सीट टाइट’ म्हणजे जागा पक्की झाली असं धरलं आणि वाडीत पेढे वाटले. मित्र म्हणतो, तुला सरळ गप्प बस म्हणालाय, अपमान आहे. मुंबईचा आतेभाऊ म्हणतो, बॅग भरून तयार राहा. मी त्याचं ऐकलं. नारळी पौर्णिमेनंतर मामाची बोट निघाली, त्याने खलाशी म्हणून बोलावलं, पण कधीही फोन येईल म्हणून मी गेलो नाही. आता सात आठवडे झाले. मी त्यांना “आय ॲम सिटिंग टाइट सिन्स सेव्हन वीक्स” असं लिहिलं, उत्तर नाही. पासपोर्ट आणि सीडीसी त्यांच्याकडेच आहेत. आई दिवसातून दोनदा विचारते, लोक चारदा. ह्या दोन शब्दांचा नेमका अर्थ काय, आणि मी करू काय?’*

‘बाई’ म्हणालास, म्हणून ‘तू’ म्हणते. आयुष्यभर फळ्यावर इंग्रजी लिहून निवृत्त झाले, पण ‘सिट टाइट’वर पेढे वाटलेले पहिल्यांदाच ऐकले. बाबांना हसू नकोस. त्यांची चूक कानाची आहे, अकलेची नाही. इंग्रजीत ‘सिट’मधली इ ऱ्हस्व, म्हणजे बसणे, ‘सीट’मधली ई दीर्घ, म्हणजे बसायची जागा. बोलताना आपण दोन्ही सारखेच उच्चारतो. त्यात एसटीच्या स्टँडवर वाढलेल्या माणसाला ‘सीट’ म्हटलं की खिडकीजवळची जागा आणि तिच्यावर आधीच टाकलेला रुमालच आठवणार. ती सीट टाइट झाली म्हणजे पक्की झाली, यात त्यांचं काय चुकलं?

पण जागा पक्की झालेली नाही, हे आधी सांगून टाकते. पुढचं वाचताना मनात आशा धरून बसू नकोस.

‘सिट टाइट’चा अर्थ एवढाच: आहेस तिथे थांब, घाईने काही करू नकोस, आमच्याकडून कळेपर्यंत दम धर. त्यात बसणं नाही आणि घट्टही काही नाही. उभा माणूस सिट टाइट करू शकतो, झोपलेलासुद्धा. शेअर पडले की जाणकार सांगतात सिट टाइट, म्हणजे भीतीने विकू नका. गाडी घाटात बंद पडली आणि मेकॅनिकला फोन लागला की तोही म्हणेल सिट टाइट, म्हणजे मी येतोय, तुम्ही बॉनेट उघडून खटपट करू नका. यातला ‘टाइट’ क्रियाविशेषण आहे. त्याला शेपूट लावून ‘टाइटली’ केलंस की वाक्य मेलं. ‘स्लीप टाइट’मध्येही तोच टाइट आहे, गाढ झोप म्हणतात तसा. ‘होल्ड टाइट’ मात्र वेगळं, तिथे खरोखर काहीतरी पकडायचं असतं. होडीत बसताना तुला कोणी होल्ड टाइट म्हटलं तर दोरी धर, धीर नव्हे.

आता तुझ्या मित्राचं. तो म्हणतो गप्प बस म्हणालाय. मराठीत बघितलं तर त्याला दोष देता येत नाही. ‘गप्प बस’, ‘धीर धर’, ‘जागचा हलू नकोस’, ‘थांब जरा’ ही आपल्याकडे चार वेगळी वाक्यं आहेत. पहिलं मास्तरचं, दुसरं आजीचं, तिसरं पोलिसाचं, चौथं वाण्याचं. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की आपल्याला रागावलेत, समजावलेत, दटावलेत की नुसतं लटकवलंय. ‘सिट टाइट’मध्ये हे सगळे एकाच पोत्यात भरलेले आहेत. त्यातलं कोणतं बाहेर काढायचं ते बोलणाऱ्याच्या आवाजावर ठरतं, आणि मेलला आवाज नसतो. नर्सने इंजेक्शनची तयारी करताना म्हटलं तर प्रेमाचं, साहेबाने तिसऱ्यांदा म्हटलं तर कटवण्याचं. शब्दापुरतं बोलायचं तर अपमान नाही. पण उतरंडीचा वास त्याला आहे: हे वरच्याने खालच्याला किंवा बरोबरीच्याला म्हणायचं असतं. उद्या बोटीवर कॅप्टनने काही विचारलं आणि तू ‘सिट टाइट, सर’ म्हणालास तर तो तुला डेक घासायला लावेल. तिथे म्हणायचं, ‘प्लीज बेअर विथ मी’, म्हणजे माझ्यासाठी जरा सोसा.

आणि ‘रिव्हर्ट’? हे आपल्या देशी ऑफिसांचं लाडकं बाळ. मूळ इंग्रजीत रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला परत जाणे. आपल्याकडे ते ‘कळवतो’ या अर्थाने रुळलंय, आणि मी आता त्यावर लाल शाई सांडत नाही. पण तुझ्या एजंटाच्या बाबतीत पहिलाच अर्थ लागू पडायला नको एवढीच इच्छा.

हलू नको सांगणारे इंग्रजीत आणखी बरेच आहेत, आणि पुढे तुला बोटीवर त्यांची गाठ पडणार आहे. म्हणून जरा सांगते.

‘स्टे पुट’ हा जागेबद्दल बोलतो. यातला ‘पुट’ म्हणजे ठेवलेला. फडताळात बरणी ठेवली की ती आपण उचलेपर्यंत तिथेच असते, तसा तू ठेवला आहेस तिथे राहा. भूतकाळात ‘स्टेड पुट’ होतं, पुट जागचा हलत नाही, नावाला जागतो. निसर्ग वादळाच्या दिवशी, ३ जून २०२० ला, सगळ्या किनाऱ्यावर लोकांना जे सांगत होते ते हेच: घरातच थांबा. फक्त ते पक्क्या घरवाल्यांसाठी होतं. कुडाच्या आणि पत्र्याच्या घरातल्यांना आधीच उठवून शाळांमध्ये नेलं होतं. त्यांना कोणी स्टे पुट सांगितलं असतं तर तो सल्ला नसता, शिक्षा असती.

हे लिहिताना मला लंडनचा ग्रेनफेल टॉवर आठवतो. २४ मजल्यांची राहती इमारत. १४ जून २०१७ च्या मध्यरात्री, १२ वाजून ५४ मिनिटांनी, चौथ्या मजल्यावर फ्रिजपासून आग लागल्याचा पहिला फोन गेला. तिथल्या उंच इमारतींचा नियमच ‘स्टे पुट’ असा होता: प्रत्येक फ्लॅट म्हणजे आग बराच वेळ अडवून धरणारी पेटी, म्हणून शेजारी आग लागली तरी आपण दार लावून आत बसायचं, जिन्यात गर्दी करायची नाही. नियम मूर्खपणाचा नव्हता. एरवी तो चालतो. पण ह्या इमारतीला बाहेरून जो पत्रा चढवला होता त्यातूनच आग वर चढली, आणि पेटीचा हिशोब बाद झाला. तरीही फोनवर लोकांना आतच थांबा सांगितलं जात होतं. हा सल्ला मागे घेतला तेव्हा पहाटेचे २ वाजून ४७ मिनिटं झाली होती. ७२ माणसं गेली. त्या रात्री ‘थांबा’ म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या गोष्टीच्या भरवशावर थांबा म्हणत होते ती गोष्ट मोडली होती, आणि ते मोडल्याचं फोनच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला दोन तास गेले.

‘फ्रीज’ तर त्याहून आखूड. बर्फ झाल्यासारखा थिज, बोटसुद्धा हलवू नकोस. अमेरिकेत पोलीस आणि बंदूकवाले घरमालक तो वापरतात. १९९२ साली लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये योशिहिरो हात्तोरी नावाचा १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि चुकून भलत्याच घरी गेला. घरमालकाने बंदूक रोखून ‘फ्रीज’ म्हटलं. मुलगा थांबला नाही, हसतमुखाने पुढे येत राहिला, आणि गोळी लागून गेला. त्याला तो शब्द कळला नसावा असंच पुढे मानलं गेलं. पुस्तकी इंग्रजी शिकलेल्या मुलासाठी फ्रीज म्हणजे पाणी गोठणं. माझ्या वर्गातल्या कोणाला मी याहून वेगळं शिकवलं होतं का, असा विचार ती बातमी वाचून मी कित्येक दिवस करत होते. नव्हतं शिकवलं.

बाकीचे झटपट. ‘होल्ड स्टिल’ हा शरीराचा: एक्स-रे काढताना, न्हाव्याच्या खुर्चीत, पायातला काटा काढताना. ‘स्टॉक-स्टिल’मधला स्टॉक म्हणजे शेअर बाजार नव्हे, झाडाचा बुंधा. आपण खांबासारखा उभा राहिला म्हणतो, ते तेच. ‘सिटिंग डक’ मात्र टाळायचं पात्र: पाण्यावर न हलता बसलेलं बदक, कोणीही यावं आणि नेम धरावा. सिट टाइट करणारा माणूस फार दिवस बसला की त्याचं सिटिंग डक होतं. तुझं त्या वाटेवर चाललंय असं मला तुझं पत्र वाचून वाटलं.

का वाटलं ते सांगायला मला माझ्या लहानपणीच्या देवबागला जावं लागेल.

आजोळ भोगव्याला, म्हणजे कर्ली नदीच्या पलीकडे. एकदा पहाटेच आजी, मी, दोन फणस आणि बऱ्याच बायका अशा होडीतून देवबागकडे निघालो. ओहोटी लागली होती. खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत, ते दर पावसाळ्यात जागा बदलतात. सातच्या सुमाराला होडीच्या तळाने वाळू घासल्याचा खरखर आवाज आला आणि आम्ही जिथे होतो तिथे बसलो. पाणी दोन्ही बाजूंनी ओसरत चाललेलं. एक बाई उठून उभी राहिली, होडी एका अंगावर कलली, सगळ्या किंचाळल्या. होडीवाला म्हणाला, “गप बसा सगळी. कोण हललो तर होडी कलंडतली. भरती लागली काय आपसूक उठतली.”

बघ, अस्सल मालवणी सिट टाइट. पण आजी कोर्टकचेऱ्या केलेली बाई. तिने विचारलं, “कितक्या वेळान?”

तो चिडला नाही. त्याने बोटं मोजली. “आज चवथ. तीनाक भरपूर पाणी. म्हणजे अकराच्या सुमाराक होडी तरंगतली.”

हा हिशोब तुझ्या मामालाही येत असणार. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते, ढोबळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती आणि ओहोटी यात सव्वासहा तासांच्या आसपास अंतर, म्हणजे तीनची भरती तर नऊला पाणी तळाला. सातला वाळूत रुतलो, म्हणजे नऊपर्यंत पाणी उतरणार, आणि उतरायला लागले तेवढेच दोन तास पुन्हा त्या पातळीला चढायला. अकरा. आम्ही एक फणस फोडला. हाताला लावायला तेल नव्हतं, चीक कोपरापर्यंत. एका म्हातारीने ओव्या म्हटल्या. अकराला दहा कमी असताना तळाखाली काहीतरी गुदगुदलं, होडी अंग झटकल्यासारखी हलली आणि सुटली.

तुझ्या एजंटाने होडीवाल्याचं पहिलं वाक्य म्हटलं. तुझ्या घरात आजीचं वाक्य कोणी म्हटलं नाही. बाबांनी पेढे आणले, मित्राला राग आला, आतेभावाने बॅग भरायला लावली; कितक्या वेळान हे तिघांपैकी कोणीच विचारलं नाही. सात आठवड्यांनी तू विचारलंस, तेही विचारल्यासारखं नाही, सांगितल्यासारखं. ‘मी बसलोय’ म्हणालास. त्यावर तो काय उत्तर देणार? ‘छान’ म्हणेल.

आणि दुसरं, बॅग भरून घरी बसणं हा तुझ्या आतेभावाचा शोध आहे. तो अर्थ त्या दोन शब्दांत नाही. सिट टाइट म्हणजे ह्या कामाच्या बाबतीत घाई करू नकोस, रोज फोन करून डोकं खाऊ नकोस, लगेच दुसरीकडे सही करून मोकळा होऊ नकोस. कमवू नकोस असं त्यात कुठेही नाही. मामाच्या बोटीवर गेलास तर ती अवज्ञा होत नाही. जॉइनिंग आलं तर चार-आठ दिवस आधी कळतंच, आणि बोट काही आफ्रिकेला जात नाही, संध्याकाळी किंवा फार तर काही दिवसांनी हर्णैच्या बंदरात परत येते. फोन आईकडे ठेव. जून-जुलैची मासेमारीबंदी संपून दीड महिना झाला, हंगाम चालू आहे, आणि तू ओटीवर बसून मोबाइलची बॅटरी बघतोयस. माझा जीव तिथे जास्त कळवळला, शब्दार्थापेक्षा.

आता कागदांचं. हे इंग्रजीच्या बाईचं काम नाही, पण आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात कोणीतरी जहाजावर आहे, त्यामुळे थोडं कानावर असतं. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, आरपीएसएल म्हणतात त्याला. त्याचा नंबर मागून घे आणि महासंचालनालयाच्या वेबसाइटवर तो चालू आहे का बघ. जहाजकामगारांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारलाय, आणि त्याप्रमाणे नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. मेडिकल, सीडीसी, पासपोर्ट यांचा खर्च तुझा असू शकतो, ‘सर्व्हिस’चा नाही. तुझ्या पत्रात पैशाचा उल्लेख नाही. उद्या ‘प्रोसेसिंग’ म्हणून कोणी आकडा सांगितला तर तो आकडा लिहून मागव. लिहून देणार नाहीत, बघ.

पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असते, एजंटाच्या कपाटाची नव्हे. तो आणि सीडीसी परत माग, त्यांना हव्या असतील तर रंगीत झेरॉक्स दे. आणि ते कागद तू त्यांना दिल्याची पोच आहे का तुझ्याकडे? नसेल तर तीच आधी माग. मेडिकलचीही तारीख बघून ठेव. ते जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, आणि सिट टाइट म्हणणाऱ्याला तुझ्या मेडिकलची मुदत पाठ नसते.

मेल असा लिही. मी मुद्दाम मऊ ठेवलाय, कारण तो माणूस कदाचित खराच असेल आणि त्याच्याच जहाजवाल्याने त्याला सिट टाइट सांगितलं असेल. मुंबईतल्या ऑफिसांत हे वरून खाली गडगडत येतं.

‘डिअर सर, आय हॅव बीन सिटिंग टाइट फॉर सेव्हन वीक्स. कुड यू प्लीज टेल मी द नेम ऑफ द व्हेसल अँड द एक्स्पेक्टेड जॉइनिंग डेट? इफ देअर इज नो डेट यट, प्लीज रिटर्न माय पासपोर्ट अँड सीडीसी बाय द थर्टीएथ. आय विल ब्रिंग देम बॅक व्हेन यू नीड देम. प्लीज ऑल्सो शेअर युवर आरपीएसएल नंबर.’

पाच वाक्यं. जहाजाचं नाव, तारीख, कागद, नंबर. तारीख मागताना ‘लवकरात लवकर’ लिहू नकोस, ‘अ‍ॅट द अर्लिएस्ट’सुद्धा नको, कारण ते वाचून कोणाचाच हात हलत नाही. तीस म्हणजे तीस. उत्तर आलं नाही तर दुसऱ्याच दिवशी एसटीने मुंबईला जा आणि समोर बसून माग. एकटा जाऊ नकोस, बाबांना ने. बाबा पेढे वाटणारे गृहस्थ आहेत, समोर बसले की ‘कळवतो’ म्हणायला त्या माणसालाही अवघड जाईल.

पेढ्यांचं काय करू असं तू विचारलं नाहीस, पण पत्रभर तेच आहे. वाडीत जो विचारेल ‘कधी चढतोस’ त्याला सांग, अजून भरतीची तिथी कळली नाही. कोकणात एवढं सांगितलं की पुरतं, कोणी पेढा परत मागत नाही.

आणि ‘सिन्स सेव्हन वीक्स’ नव्हे. सिन्सपुढे सुरुवातीची तारीख येते, सिन्स जुलै. किती काळ ते सांगायचं तर फॉर. वर दुरुस्त करून दिलंय, पाठवताना बघून लिही. मामाला आज संध्याकाळी भेट, उद्याची भरती कधीची ते त्याला विचार.